तलावातलं नील-हरित शेवाळ कसं ओळखायचं: काठापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

फेब्रुवारी उलटला की आपल्याकडचे तलाव आटायला लागतात. पाणी तापतं, वारा पडलेला असतो, वरून येणारा ओढा केव्हाच कोरडा झालेला असतो, पण गावाचं किंवा शहराचं सांडपाणी मात्र येतच राहतं. मग एखाद्या सकाळी काठाशी हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर दिसतो. पवई, पाषाण, रंकाळा किंवा उजनीच्या फुगवट्याजवळ राहणाऱ्यांना हिरवं पाणी नवीन नाही. बघणारे ‘शेवाळ आलंय’ म्हणतात आणि पुढे जातात. पण तो थर साध्या शेवाळाचा आहे की सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे ज्याला आपण नील-हरित शेवाळ म्हणतो त्याचा, हे कळायला हवं. साधं शेवाळ बहुतेक वेळा फार तर पाण्याची शोभा घालवतं. सायनोबॅक्टेरियातले काही मात्र यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं बनवतात, आणि त्याच काठावर गुरं पाणी पितात, मुलं डुंबतात.

ज्यांनी आजवर सूक्ष्मदर्शक हाताळलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. शाळेतले शिक्षक, पाणीपुरवठा योजनेवर काम करणारे, तलावाकाठी रोज फिरायला जाणारे, शेततळ्यात मासे सोडलेले शेतकरी, कुणालाही यातलं बरंचसं जमेल.

डोळा कुठवर पोचतो

वसाहतीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या पेशींच्या झुबक्याच्या, रूपावरून तुम्ही गट ओळखू शकता. हा मायक्रोसिस्टिस, हा डोलिकोस्पर्मम, हा अफानिझोमेनॉन, एवढं सरावाने नक्की सांगता येतं. पण त्या क्षणी त्या पाण्यात विष आहे की नाही, हे रूपावरून कुणालाच सांगता येत नाही. एकाच तलावातल्या, एकाच सकाळी काढलेल्या, दिसायला हुबेहूब सारख्या दोन वसाहतींपैकी एक विष बनवणारी असू शकते आणि दुसरी नसू शकते. मायक्रोसिस्टिन हे विष तयार करायला पेशीजवळ जनुकांचा एक ठरावीक संच लागतो. काही वाणांजवळ तो असतो, काहींजवळ नसतो, आणि त्याने पेशीच्या आकारात किंवा रंगात काहीही फरक पडत नाही.

बर्लिनच्या वान्झे तलावात झालेल्या एका अभ्यासात मायक्रोसिस्टिसच्या मोठ्या वसाहतींमध्ये विषाचं जनुक असण्याचं प्रमाण छोट्या वसाहतींपेक्षा जास्त आढळलं होतं. म्हणजे रूप थोडा सुगावा देतं. पण सुगाव्यावर पाणी प्यायचं नसतं. त्यामुळे नवख्यांनी एक नियम धरून चालावा: विष बनवू शकणारा गट दिसला की प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते पाणी विषारीच समजायचं. उलट ‘हा गट सहसा निरुपद्रवी असतो’ या ओळखीवर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये, कारण एका बहरात, म्हणजे पाण्यात अशा जीवांच्या एका भरमसाठ वाढीत, तीन-चार गट मिसळलेले असणं अगदी नेहमीचं आहे.

मग ओळखायचं तरी कशाला? कारण गट कळला की कोणत्या विषाची चाचणी मागायची ते कळतं. चाचण्या महाग असतात आणि प्रत्येक विषाची वेगळी असते. शिवाय गट कळला की पाण्याचा नमुना कुठल्या खोलीवरून आणि कोणत्या वेळी घ्यायचा, तेही ठरवता येतं.

कधी जायचं आणि काय न्यायचं

पहाटे जा, वारा सुटायच्या आत. यामागे कारण आहे. या जीवांपैकी बऱ्याच जणांच्या पेशींत हवेने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते तरंगतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पेशीत कर्बोदकं साठतात, पेशी जड होते आणि खाली जाते. रात्रभरात तो साठा खर्च होतो आणि पहाटे वसाहती पुन्हा पृष्ठभागावर येतात. दुपारी वाऱ्याने पाणी ढवळलं की तोच तलाव नुसता हिरवट, गढूळ दिसतो आणि तवंग शोधूनही सापडत नाही.

सोबत रबरी हातमोजे, कोपरापर्यंत येणारे असतील तर उत्तम. दोन-तीन रुंद तोंडाच्या पारदर्शक बाटल्या, एक लांब काठी, कायमस्वरूपी शाईचं पेन, चिकटपट्टी, वही, मोबाईल. तवंगावरून वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर मास्क लावा. पाण्यात उतरू नका. बाटली काठीला बांधून पाण्यात बुडवता येते. कुत्रा सोबत नेऊ नका. कुत्री तवंग चाटतात, अंगावरचा थर चाटतात, आणि त्यातल्या एखाद्या चेताविषाने, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषाने, ती काही मिनिटांतही दगावू शकतात.

नमुने दोन घ्या. एक थेट तवंगातला. वाऱ्याने सगळा माल ज्या काठाला ढकलला आहे तिथे तो मिळेल. दुसरा काठापासून थोडा दूर, पृष्ठभागाच्या वीतभर खालचा. फक्त तवंगाचा नमुना घेतला तर तवंग न बनवणारे गट हातातून निसटतात, आणि त्यांच्यातलेच काही जास्त घातक आहेत. बाटली काठोकाठ भरू नका, जिवंत नमुन्याला थोडी हवा लागते. सावलीत, थंड जागी ठेवा आणि चोवीस तासांच्या आत बघा. तेवढ्यात जमणार नसेल तर वेगळ्या बाटलीत थोडा नमुना काढून त्यात ल्युगॉल आयोडिनचे थेंब टाका. पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग आला की थांबा. हा नमुना बरेच दिवस टिकतो. पण जिवंत नमुन्याला पर्याय नाही, कारण आयोडिनने रंग जातो आणि ओळखीची निम्मी खूण रंगात असते.

काठावरून पहिली नजर

आधी सोंगं बाजूला काढूया. पाण्यावर हिरवं दिसणारं सगळं सायनोबॅक्टेरिया नसतं.

जलपर्णी सगळ्यांना ओळखता येते. तिच्यापेक्षा छोट्या वनस्पती फसवतात. लेम्ना ही वाटाण्याच्या फोडीहून लहान पानांची वनस्पती आहे. जवळून पाहिलं की पान सुटं दिसतं आणि खाली बारीक मूळ लोंबतं. अझोला लालसर-हिरवी, खवल्यांसारखी असते. भातशेतीत ती मुद्दाम सोडतात आणि गुरांनाही घालतात. सगळ्यात जास्त गोंधळ वुल्फियामुळे होतो. तिला पानही दिसत नाही, नुसते हिरवे कण. हातमोजा घालून चिमटीत घ्या. वुल्फिया कणीसारखी टणक लागते, मायक्रोसिस्टिस चिमटीत विरघळून बुळबुळीत होतो.

मत्स्यतळ्यात विटकरी-लाल तवंग दिसला तर युग्लीनाचा संशय घ्या. युग्लीना सँग्विनिया भर उन्हात लाल असतो आणि ऊन उतरलं की हिरवा होतो, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा एकदा जाऊन बघा. हा सायनोबॅक्टेरिया नाही, पण माशांना मारक विष तोही बनवू शकतो, म्हणून सोडून देऊ नका.

आता खऱ्या खुणा. तवंग रंगाच्या थरासारखा सलग दिसतो, काठी फिरवली की रेषा उमटते आणि हळूहळू भरून येते. काठावरच्या दगडांवर वाळलेला थर पांढरट-निळा किंवा मोरपंखी दिसतो. ही मोरपंखी छटा फार महत्त्वाची. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य बाहेर पडतं, आणि साध्या हिरव्या शेवाळात ते नसतंच. हिरव्या तवंगाच्या कडेला निळी झाक दिसली की माझ्या मते निम्मी ओळख तिथेच झाली. मात्र त्याच वेळी एक धोक्याची सूचनाही मिळाली: पेशी फुटताहेत, म्हणजे आत काही विष असेल तर ते आता पाण्यात मोकळं झालंय.

वासावर विसंबू नका. मातकट वास जिओस्मिन आणि त्याच्या जोडीच्या एका संयुगामुळे येतो. ही संयुगं सायनोबॅक्टेरिया बनवतात खरी, पण विषाशी त्यांचा संबंध नाही. वास नसलेलं पाणी विषारी असू शकतं, आणि मातकट वासाचं पाणी निर्विष.

काठी आणि बरणी

काठीची परीक्षा एका मिनिटाची. काठी तवंगात घालून वर उचला. केसांच्या झुपक्यासारखे लांब धागे लोंबू लागले तर ते तंतुमय हिरवं शेवाळ, बहुधा स्पायरोगायरा किंवा क्लॅडोफोरा. काठीला नुसता रंग लागला, थेंब ओघळले, धागा कुठेच नाही, तर संशय वाढला.

बरणीच्या परीक्षेला एक रात्र लागते. पारदर्शक बरणी तीन चतुर्थांश भरा, झाकण लावा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. स्वयंपाकघरातला फ्रिज यासाठी वापरू नका. सकाळी न हलवता बघा. हिरवा माल वर कडं करून बसला असेल तर तरंगणारे सायनोबॅक्टेरिया. तळाशी बसला असेल तर बहुतेक साधं शेवाळ. पाणी जसंच्या तसं एकसारखं हिरवट राहिलं तर उत्तर मिळालं नाही असं समजा. नवखे इथे ‘वर काही आलं नाही, म्हणजे सुरक्षित’ असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे, आणि का ते पुढे प्लँक्टोथ्रिक्सपाशी येईलच.

या तरंगण्यामागे हवेच्याच पोकळ्या आहेत, हे १८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ क्लेबान यांनी दाखवलं. नमुन्याने काठोकाठ भरलेली बाटली त्यांनी बुचाने बंद केली आणि बुचावर हातोडा मारला. दाबाने पोकळ्या मिटल्या आणि तरंगणारा माल खाली बसला. काचेच्या बाटलीवर घरी हा प्रयोग करू नका, पण तरंगणं हे या जीवांचं केवढं मोठं शस्त्र आहे ते त्यातून कळतं. वर येऊन ते ऊन स्वतः घेतात आणि खालच्या शेवाळाला अंधारात ठेवतात.

भिंगाखाली: मायक्रोसिस्टिस

आपल्याकडच्या पोषणाने बरबटलेल्या, उथळ, उष्ण पाण्यात सर्वात आधी हाच शोधा. नुसत्या डोळ्यांनीही तो दिसतो. बाटली उजेडासमोर धरा. पाण्यात बारीक रव्याएवढे हिरवे कण सुटे तरंगताना दिसतात. पाणी सगळीकडून एकसारखं हिरवं नसून त्यात कण आहेत, हे लक्षात येणं हीच पहिली पायरी.

आता थेंब काचपट्टीवर घ्या. शंभर पट मोठं दाखवणारा साधा शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठं दाखवतो, आणि काठावर बसून वसाहतीचा आकार बघायला तोही चालतो. सुट्या पेशी नीट बघायच्या असतील तर मात्र चारशे पट लागते.

जे दिसेल ते असं: चिकट, पारदर्शक द्रव्यात गच्च बसलेल्या शेकडो-हजारो गोल पेशी. प्रत्येक पेशी साधारण ४ ते ६ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान. धागा नाही, पेशींची रांग नाही, शेपटी नाही. हवेच्या पोकळ्यांमुळे पेशी आतून काळपट, जवळजवळ काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या दिसतात. नवख्यांना वाटतं पेशी मेलेली आहे. उलट आहे. सूक्ष्मदर्शक थोडा वर-खाली फिरवला की तेच ठिपके चकाकतात, लालसर दिसतात. हे दिसलं की ओळख पक्की होत आली.

याच गटातल्या जाती वसाहतीच्या आकारावरून वेगळ्या करता येतात, आणि हा भाग मला स्वतःला सर्वात आवडतो. मायक्रोसिस्टिस एरुजिनोसाची वसाहत वाढली की वेडीवाकडी पसरते आणि तिच्यात आरपार भोकं पडतात, कडा धूसर राहते. मायक्रोसिस्टिस फ्लॉस-अ‍ॅक्वेची वसाहत गोलसर, गच्च आणि बिनभोकाची. मायक्रोसिस्टिस व्हिरिडिसमध्ये पेशी आठ-आठच्या छोट्या ठोकळ्यांत मांडलेल्या असतात. मायक्रोसिस्टिस वेसेनबर्गीला चिकट द्रव्याची ठळक, चकाकणारी कड असते, जणू पेन्सिलने बाह्यरेखा काढली आहे, आणि आत पेशी सैल विखुरलेल्या. पहिल्या आणि तिसऱ्या जातीत मायक्रोसिस्टिन बनवणारे वाण वारंवार सापडतात. वेसेनबर्गी बहुतेक वेळा विष बनवत नाही. पण वर सांगितलेला नियम आठवा: वेसेनबर्गी दिसली म्हणजे बाजूला एरुजिनोसा नाही असं होत नाही. कोवळ्या वसाहतींमध्ये हे फरक उमटलेलेही नसतात, म्हणून एका थेंबावर जात ठरवू नका. निदान दहा-बारा मोठ्या वसाहती बघा.

कड नीट दिसत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी काळी ड्रॉइंग इंक थेंबात अगदी किंचित मिसळा. शाईचे कण चिकट द्रव्यात शिरत नाहीत. पार्श्वभूमी काळी होते आणि वसाहतीभोवतीचं पारदर्शक आवरण लख्ख उजळून दिसतं.

दुसरी युक्ती आयोडिनची. हिरव्या शेवाळाच्या पेशींत स्टार्च असतं, आयोडिन लागताच ते निळं-काळं होतं. सायनोबॅक्टेरियात ग्लायकोजेनसारखा साठा असतो, त्यामुळे पेशी फक्त तपकिरी होतात. गोल पेशींचा झुबका आहे, पण तो मायक्रोसिस्टिस की गोल पेशींचं हिरवं शेवाळ अशी शंका आली की हे करून बघा. हिरव्या शेवाळात हरितलवक पेशीच्या एका भागात स्पष्ट दिसतं, सायनोबॅक्टेरियात रंग पेशीभर पसरलेला असतो, ही आणखी एक खूण.

पुस्तकातल्या किंवा इंटरनेटवरच्या चित्रांशी जुळवताना सावध राहा. प्रयोगशाळेत वाढवलेला मायक्रोसिस्टिस बरेचदा वसाहत सोडून देतो आणि सुट्या पेशींत राहतो, त्यामुळे अशी चित्रं तलावातल्या मालाशी जुळत नाहीत. बहर मरायला लागला की तलावातही चिकट द्रव्य विरतं आणि पेशी सुट्या होतात. अशा वेळी वसाहत दिसत नाही म्हणून नकार देऊ नका.

मण्यांची माळ

डोलिकोस्पर्मम नुसत्या डोळ्यांना पिंजलेल्या कापसाच्या हिरवट ठिपक्यांसारखा दिसतो. जुन्या पुस्तकांत तो अ‍ॅनाबीना या नावाने भेटतो. तरंगणाऱ्या जाती आता डोलिकोस्पर्मम या नावाखाली घेतल्या जातात. भिंगाखाली गोल किंवा पिंपाच्या आकाराच्या पेशींची माळ दिसते, कधी सरळ, कधी स्प्रिंगसारखी वळलेली. माळेत मधूनच एक फिकी, जाड भिंतीची, जवळजवळ रिकामी वाटणारी पेशी असते. तिला हेटरोसिस्ट म्हणतात, आणि हवेतला नायट्रोजन बांधून घेण्याचं काम ती करते. तिच्या दोन्ही टोकांना चकाकणारा ठिपका दिसतो. काही माळांत एखादी पेशी इतरांपेक्षा बरीच मोठी, लांबट, दाणेदार असते. ती वाईट दिवस काढण्यासाठीची विश्रांतीची पेशी, अकायनीट. हेटरोसिस्टपासून ती किती दूर आहे यावरून जाती ठरतात, पण नवख्याने तिथपर्यंत जायची गरज नाही.

हा गट मायक्रोसिस्टिनही बनवू शकतो आणि अ‍ॅनाटॉक्सिन, सॅक्सिटॉक्सिन ही चेताविषंही. १९९१ साली ऑस्ट्रेलियात बार्वन आणि डार्लिंग नद्यांचा सुमारे १००० किलोमीटरचा पट्टा याच गटाने व्यापला होता.

वळलेली माळ दिसली की स्पिरुलिनाशी गोंधळ होतो. बाजारात स्पिरुलिना म्हणून विकतात तो आर्थ्रोस्पायरा. त्याचं मळसूत्र सुबक आणि एकसारखं असतं, पेशी आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात, आणि हेटरोसिस्ट कधीच नसतं. त्याला खारं, अल्कधर्मी पाणी आवडतं. आपल्याकडे तो बघायचा तर बुलढाण्याचं लोणार सरोवर. गोड्या पाण्याच्या तलावात मळसूत्र दिसलं तर आधी हेटरोसिस्ट शोधा.

अफानिझोमेनॉन फ्लॉस-अ‍ॅक्वे ओळखायला सर्वात सोपा. पाण्यात गवत कापून टाकल्यासारखे अर्धा-एक सेंटिमीटरचे हिरवे तुकडे दिसतात. भिंगाखाली तो तुकडा म्हणजे सरळ धाग्यांची समांतर जुडी. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ तलावातून हा गोळा करून आहारपूरक म्हणून विकला जातो. त्याच तलावात मायक्रोसिस्टिसही वाढतो आणि मालात मिसळतो, म्हणून त्या राज्याला १९९७ साली अशा पूरकांत ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिनची मर्यादा घालावी लागली. मिश्र बहराबद्दल मी जे वर वारंवार म्हणतोय, त्याला याहून बोलकं उदाहरण नाही.

तवंग न आणणारे

इथे बहुतेकजण फसतात. प्लँक्टोथ्रिक्स अगार्धी सहसा पृष्ठभागावर येत नाही, पाण्यात वरपासून खालपर्यंत पसरून राहतो. पाणी नुसतं मळकट हिरवं दिसतं. बरणीत कडं धरेलच असं नाही. भिंगाखाली सुटे, सरळ, न वळलेले धागे, रुंदी ५ मायक्रोमीटरच्या आसपास, हेटरोसिस्ट नाही, हवेच्या पोकळ्या मात्र आहेत. मायक्रोसिस्टिन बनवण्यात हा मायक्रोसिस्टिसच्या तोडीचा आहे, आणि तवंग नसल्यामुळे त्याच्याकडे लक्षच जात नाही.

रॅफिडिऑप्सिस रॅसिबोर्स्की हा उष्ण प्रदेशातला. जुनं नाव सिलिंड्रोस्पर्मोप्सिस. पाणी तपकिरी, गढूळ वाटतं, बघणाऱ्याला पावसाचा गाळ वाटावा. धागे फार बारीक, २ ते ३ मायक्रोमीटर रुंद, त्यामुळे फोल्डस्कोपमध्ये ते सहज सुटतात. चारशे पटीखाली बघा. धाग्याच्या अगदी टोकाला थेंबासारखी, टोकदार, फिकी पेशी दिसली की हाच. प्रत्येक धाग्याला ती नसते, म्हणून बरेच धागे तपासा.

याच जीवाशी १९७९ सालचं एक प्रकरण जोडलेलं आहे आणि ते आपल्या गावांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या सॉलोमन धरणात बहर आला. तो मारायला पाण्यात मोरचूद टाकलं. पेशी फुटल्या, विष पाण्यात उतरलं, आणि जवळपास दीडशे लोक यकृत-मूत्रपिंडाच्या त्रासाने आजारी पडले. त्यात बहुतांश लहान मुलं होती. पुढे त्या धरणातून हा जीव वेगळा केला गेला आणि त्याच्याच नावावरून विषाला सिलिंड्रोस्पर्मोप्सिन म्हणू लागले. आपल्याकडे द्राक्षबागायतदाराच्या घरी मोरचूद हाताशी असतं. तळं हिरवं झालं की ते टाकून द्यायचा मोह होतो. पाणी माणसांच्या किंवा गुरांच्या पिण्यात असेल तर ते कदापि करू नका.

नोंद अशी ठेवा की दुसऱ्याला वापरता येईल

बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि तवंगातला की उघड्या पाण्यातला, एवढं लिहा. वहीत आदल्या दिवसाचं हवामान, वाऱ्याची दिशा, जवळपास सांडपाण्याचं तोंड आहे का, मेलेले मासे किंवा पक्षी दिसले का. फोटो तीन: दुरून काठाचा, जवळून तवंगाचा शेजारी नाणं ठेवून, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाईल टेकवून घेतलेला. तिसऱ्या फोटोसोबत किती पट ते लिहा, नाहीतर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. ओळखीबद्दल खात्री नसेल तर ‘गोल पेशींची भोकं असलेली वसाहत, हवेच्या पोकळ्या आहेत’ असं वर्णनच लिहा. चुकीच्या नावापेक्षा नीट वर्णन तज्ज्ञाला कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

ओळख पटल्यावर

त्या काठावरून लगेच लोकांना आणि गुरांना दूर करा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवा, फोटो जोडा, आणि चाचणीची मागणी विषाचं नाव घेऊन करा. मायक्रोसिस्टिस किंवा प्लँक्टोथ्रिक्स दिसला असेल तर मायक्रोसिस्टिन, रॅफिडिऑप्सिस असेल तर सिलिंड्रोस्पर्मोप्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन, माळा किंवा गवताचे तुकडे असतील तर चेताविषंही. जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिन-एलआर या मायक्रोसिस्टिनच्या एका प्रकारासाठीची मर्यादा रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे, थोड्या दिवसांसाठी १२, आणि पोहण्याच्या पाण्यासाठी २४. अहवाल आला की याच्याशी ताडून बघा.

पाणी उकळून मायक्रोसिस्टिन जात नाही. उलट उकळल्याने पेशी फुटतात आणि पाणी आटून विषाचं प्रमाण वाढतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात २०१४च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवरातल्या मायक्रोसिस्टिसमुळे ४ लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतीत तर जराही जोखीम नको. ब्राझीलच्या कारुआरू इथे १९९६ साली डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन थेट रक्तात गेलं. ११६ रुग्णांना त्रास झाला आणि ५२ मृत्यू त्या विषाशी जोडले गेले. तुमच्या तलावाचं पाणी उचलणाऱ्या गावात किंवा शहरात डायलिसिस केंद्र असेल, तर कळवायच्या यादीत त्याचं नाव सर्वात वर ठेवा.

तलावातले मासे खाल्ले जात असतील तर बहर असेपर्यंत थांबणं बरं. ते शक्य नसेल तर निदान आतडी आणि यकृत काढून टाका, मासा साध्या स्वच्छ पाण्याने धुवा. तवंगाचा स्पर्श झालेली त्वचा लगेच साबणाने धुवा. उलट्या, जुलाब, पुरळ किंवा डोळ्यांची आग झाली तर डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगा, कारण ते स्वतःहून हा प्रश्न क्वचितच विचारतात.

तवंग एक दिवस अचानक नाहीसा होतो. जोराचा वारा येतो, वळवाचा पाऊस पडतो किंवा बहर आपोआप मरतो. पाणी स्वच्छ दिसू लागतं आणि लोक परत उतरतात. पण फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेलं विष पाण्यात आणखी काही दिवस, कधी काही आठवडे टिकतं. म्हणून तवंग गेल्यावरही नमुना घ्या, भिंगाखाली काही दिसलं नाही तरी विषाची चाचणी पुन्हा मागा, आणि तिचा अहवाल हातात येईपर्यंत काठावरची सूचनेची पाटी काढू देऊ नका.